पंचक सुटायला वीस मिनिटं होती

माझ्या फ्लॅटच्या संडासात भिंतीला स्टीलचे दोन दांडे आहेत. एक डाव्या हाताला, एक समोर. रोज सकाळी मी त्यांना धरून बसते आणि त्यांनाच धरून उठते. ते मी बसवलेले नाहीत. उलट बसवले तेव्हा मी भाडेकरूला असं झापलं होतं की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन ऐकत उभी राहिली. "माझी टाइल फोडली तुमी! नव्या कोऱ्या टाइलला ड्रिल मारलं!" आता गुडघे कुरकुरतात तेव्हा ती टाइल समोरून माझ्याकडे बघत असते. तिला तोंड असतं तर हसली असती.

तेव्हाची मी म्हणजे नुकतीच रिटायर झालेली शाळेतली बाई. जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेतले आणि साठीच्या तोंडाशी मला कुणीतरी पटवून दिलं की खरा पाढा जागेचा असतो. झालं. परभणीत जिंतूर रोडच्या बाजूला तेव्हा जिकडं पाहावं तिकडं 'बुकिंग चालू' अशा पाट्या लागल्या होत्या. गावाकडची शेतकरी मंडळी पोरांच्या क्लाससाठी फ्लॅट घ्यायची, मास्तर आणि कारकून भाड्यासाठी घ्यायचे, आणि माझ्यासारख्या बाया शेजारणीने घेतला म्हणून घ्यायच्या. मी दुसऱ्या मजल्यावरचा एक घेतला. बिल्डरच्या कागदावर लिफ्ट होती, बाग होती, बागेत एक गोरी बाई कुत्रं घेऊन हिंडत होती. प्रत्यक्षात लिफ्टच्या खड्ड्यात लोक जुन्या सायकली ठेवायचे. बागेच्या जागी बोअर मारला होता, तोही मार्चनंतर नुसती हवा ओकायचा. पण माझ्या पर्समध्ये त्या फ्लॅटचा नकाशा घडी घालून कायम असायचा. हळदीकुंकवाला गेले तरी काढून दाखवायची. "पूर्वेला गॅलरी आहे हं," असं म्हणायची. कुणी विचारलेलं नसायचं.

राहायला मी जुन्या गल्लीतल्या माझ्या घरीच होते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं पुण्याला. फ्लॅट भाड्याने दिला तो एका नवराबायकोला. तो मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता, रोज सकाळी जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. ती घरीच ब्लाउज शिवायची. शांत माणसं. त्यांना मूल नव्हतं, म्हणून मला फार आवडली, कारण मूल नाही म्हणजे भिंतीवर रेघोट्या नाहीत. असा विचार करणारी बाई चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत होती, हे कुणाला सांगू नका.

वर्षभराने त्याने ताडकळसहून आपल्या आईला आणलं.

मला न विचारता आणलं, याचाच मला आधी राग आला. मग दांडे दिसले, टाइल दिसली, तो राग वेगळा. म्हातारी ऐंशीच्या घरातली, काडीसारखी, पाय सुजलेले. पोटात पाणी होत होतं. डॉक्टरने घरी न्या म्हणून सांगितलं होतं. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं. तिची खाट गॅलरीत टाकली होती. माझ्या पूर्वेच्या गॅलरीत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती उठून बसायला लागली.

"राहू द्या, राहू द्या मावशी."

"तुमीच का त्या टाइलवाल्या बाई?" तिने विचारलं. "सून सांगत व्हती. लय वरडल्या म्हने."

सून आत पळाली.

"वरडा की. तुमचं घर हाय," म्हातारी म्हणाली. "पर बाई, खरं सांगू का? जलमभर लोटा घेऊन अंधारात गेले. पावसात गेले, बाळंतपनाच्या दुसऱ्या दिवशी गेले. आता हितं आतून कडी लावून बसते. त्या दांड्याला धरून बसते. कुनी येईल म्हनून भ्यायचं न्हाई, उठायची घाई न्हाई. असं सुख म्या सोन्यात बी पाह्यलं न्हाई."

यावर शहाण्या माणसाने काय म्हणावं? मी म्हटलं, "पाणी जपून वापरा, टँकर महाग झालाय."

मी जायची ती भाड्याचं निमित्त करून, पण म्हातारीशी बोलायला बरं वाटायचं, हेही खरं. तिची जीभ माझ्यापेक्षा तिखट होती. संध्याकाळी सहा वाजले की ती बोलणं बंद करायची आणि रस्त्याकडे बघत बसायची. पोरगा मानवतहून यायच्या वेळेला रस्त्याच्या टोकाला शंभर माणसं असली तरी ती त्याला ओळखायची. "आला," म्हणायची. मला कुणी दिसायचं नाही. पाच मिनिटांनी तो खरंच खाली गेटात असायचा.

"चालीवरनं वळखते," ती म्हणाली. "ल्हानपनी खरूज झाली व्हती पायाला, तवापासनं जरा फेंगडं टाकतंय." मग म्हणाली, "बाई, माझं आता काय मागनं न्हाई. हितं बसून त्याला येताना बघता बघता डोळा लागावा. बास."

हे तिने मला सांगितलं होतं. हे मला माहीत होतं. म्हणून पुढचं लिहिताना मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्याच दिवसांत मला जिंतूरचं एक गिऱ्हाईक लागलं होतं. कापसाचा व्यापारी, पोराला परभणीत क्लासला ठेवायचं म्हणून तयार फ्लॅट हवा होता. मला हा एक विकून रोडवर अजून पुढं होणाऱ्या स्कीममध्ये दोन छोटे बुक करायचे होते. एकाचे दोन. रात्री झोपेतसुद्धा मी 'रेट' म्हणत असेन. व्यापाऱ्याने फ्लॅट पाहिला, नळ सोडून पाहिले, भिंतीवर बोटाने टकटक केलं, आणि खाली उतरताना म्हणाला, "बाकी ठीक हाय. घरात काही वंगाळ तर घडलं न्हाई ना? न्हाई म्हणजे, ती आजारी बाई दिसली गॅलरीत."

"पाहुण्या आहेत. जातील चार दिवसांत," मी म्हटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महिन्यातले पाचेक दिवस पंचकाचे असतात. त्या दिवसांत घरात मयत झाली तर घराला दोष लागतो, पाठोपाठ अजून माणसं जातात, असं आमच्याकडे मानतात. मग शांती करायची, आणि घराला कुलूप घालून काही महिने दुसरीकडे राहायचं. गावात हे निभायचं. चुलत्याच्या ओसरीत सामान टाकलं, चूल मांडली, झालं. फ्लॅटमध्ये कुठं जाणार? कुलूपबंद फ्लॅट भाडं देत नाही, आणि पंचकाचा म्हणून नाव पडलेला फ्लॅट कुणी फुकट दिला तरी आधी गुरुजींना फोन लावतं. माझा पंचकावर विश्वास होता का? शाळेत मी पोरांना ग्रहण कसं लागतं ते चेंडू आणि बॅटरी घेऊन शिकवायची. विश्वास नव्हता. पण गिऱ्हाइकाचा होता, आणि बाजारात तेवढा पुरतो.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी पंचकाच्या दिवसांना लाल पेनाने गोल केले. गुरुवारी दुपारी लागत होतं, मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला सुटत होतं. डॉक्टरने दिलेली मुदत आणि ते लाल गोल एकमेकांत जाऊन बसत होते. मी बुधवारी कॅलेंडरच पिशवीत घालून फ्लॅटवर गेले.

म्हातारीने पिशवीतून वर आलेली गुंडाळी पाहिली.

"पंचांग आनलंय व्हय? बघा बघा. कोन्ता दिवस रिकामा हाय ते सांगा, म्या तवा जाते."

"असं काय बोलता मावशी."

"तुमच्याच मनातलं बोलले. तुमाला बोलायची लाज वाटायलीय, मला मरायची न्हाई."

मी हॉलमध्ये जाऊन तिच्या मुलाशी बोलले. आवाज एकदम मऊ केला होता. पालकसभेत नापास पोराच्या बापाशी बोलताना असा आवाज काढायची सवय होती मला. फक्त पाच दिवस, म्हटलं. गावाकडं न्या, मंगळवारी परत आणा. मी काही त्यांना कायमची काढत नाही. बाकीच्या फ्लॅटवाल्यांचाही विचार करायला हवा. त्या बाकीच्यांना मी विचारलंही नव्हतं.

तो खाली बघत होता. "बाई, ती आता हालवायसारखी न्हाई वो. गावाकडं आमचं घर ऱ्हायलं न्हाई. पुतन्याकडं टाकावं लागंल."

"मग दवाखान्यात ठेवा."

"दवाखान्यानंच घरी धाडली."

"तर मग मला भाड्याचा अकरा महिन्यांचा कागद पुढं करता यायचा नाही," मी म्हणाले. कागद तसाही त्या महिन्यात संपत होता. हे वाक्य मी घरून पाठ करून आले होते.

गुरुवारी सकाळी जीप आली. मी नव्हते तिथे. एवढी हिंमत नव्हती.

ते पाच दिवस ती ताडकळसला पुतण्याच्या घरी सोयाबीनच्या पोत्यांच्या खोलीत होती. हे मला नंतर सुनेने सांगितलं. तिथल्या संडासाचं दार फक्त ओढून घ्यायचं, कडी नव्हती. सून बाहेर पाठ करून उभी राहायची. म्हातारी फक्त रोज सकाळी विचारायची, सून म्हणाली, मंगळवार कधी हाय.

मंगळवारी ते लवकर निघाले. फार लवकर. साडेदहालाच जीप आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये होती. मी गेटातच होते. व्यापारी त्या संध्याकाळी इसार घेऊन येणार होता, म्हणून मी सकाळीच फ्लॅटचा दरवाजा पुसून घेतला होता, तोरण लावलं होतं.

"अकरा चाळीसला सुटतंय," मी मुलाला म्हटलं. "तासभर दम धरा. इथंच सावलीत थांबा."

"इतकी वाट पाह्यली, आता तासाचं काय," तो म्हणाला. रागाने नाही बोलला. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

लिफ्ट नव्हती. खुर्चीत बसवून दोन मजले वर न्यायला माणसं हवी होती. तो नाक्यावरच्या रिक्षास्टँडवरून कुणाला तरी आणायला गेला. सून वर गेली, खाट झाडायला, पाणी तापवायला. ड्रायव्हर गेटाबाहेर तंबाखू मळत उभा. जीपमध्ये म्हातारी आणि मी.

जीपचं तोंड भिंतीकडे होतं.

"बाई," ती म्हणाली. पाच दिवसांत आवाज अगदी खाली गेला होता. "गाडी जरा फिरवायला सांगा. मला रस्ता दिसंना."

"राहू द्या मावशी. आता थोड्या वेळात वरच जायचंय. गॅलरीतून बघा निवांत."

तिने मान हलवली. मी बाटलीच्या झाकणात पाणी दिलं, ते अर्धं ओठांतून बाहेर आलं. मी पदराने पुसलं.

"वाजले किती?"

"अकरा दहा."

"म्हंजे अजून आर्धा तास जगायचं म्हना की," ती म्हणाली, आणि हसली. खरंच हसली. मीही हसले. मला वाटलं, वा, काय झकास बोलते म्हातारी.

अकरा वीसला ती गेली. काही आवाज झाला नाही. माझ्या हातात तिचा हात होता, तो जड झाला एवढंच. मी नाडी पाहिली. नाकासमोर बोट धरलं. घड्याळात पाहिलं.

इथे खरं लिहायचं तर घड्याळाकडे मी आधी पाहिलं, नाडी नंतर.

मी हाक मारली नाही. पार्किंग ही कुणा एकाची जागा नसते. बिल्डिंगमधल्या सगळ्यांचा तिच्यात हिस्सा असतो, खरेदीखतात तसं लिहिलेलं असतं. ते खरेदीखत मला पाठ होतं. जीपमध्ये बसून, मेलेल्या बाईचा हात धरून मी हिशेब करत होते की पार्किंग म्हणजे घर धरतात का, आणि धरलं तर फक्त माझंच धरतात की सगळ्यांचं. मग ठरवलं की वीस मिनिटं थांबलं की प्रश्नच मिटतो.

वरून गॅलरीतून सून वाकली. "आत्यांना चहा देऊ का वो आनून?"

"नको," मी वर बघून म्हटलं. "झोप लागलीय."

अकरा तीसला मुलगा दोन माणसं घेऊन आला. मी बोट ओठांवर ठेवलं. "आत्ताच डोळा लागलाय. दहा मिनिटं राहू द्या."

तो जीपच्या दारात उभा राहिला. म्हाताऱ्या चेहऱ्यावर माशी बसत होती. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि वारा घालायला लागला. पंधरा मिनिटं तो आपल्या मेलेल्या आईला वारा घालत होता, आणि मी समोर बसून बघत होते. हात दुखला की हात बदलायचा. एकदा मला हळूच म्हणाला, "लय दिवसांनी शांत झोपली."

अकरा पंचेचाळीसला मी म्हटलं, "अहो, बघा बरं जरा."

पुढची रडारड सांगत नाही. रडणाऱ्यांत मीही होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हीच त्यातली घाण. पाच मिनिटांत सगळी बिल्डिंग खाली आली. समोरच्या फ्लॅटमधला तरुण, बँकेत होता, नुकतंच कर्ज काढून घेतलेलं घर, त्याने पहिला प्रश्न विचारला.

"किती वाजता गेल्या?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पावणेबारा," मी म्हणाले.

पार्किंगमधून असा एक उसासा उठला की मला वाटलं आता कुणीतरी टाळ्या वाजवेल.

तेराव्याला त्यांनी मला बोलावलं. शेवटचं पाणी ज्याच्या हातचं, त्याला मान असतो. सुनेने मला साडी नेसायला दिली, मोतिया रंगाची. मुलगा पाया पडला. "तुमी व्हता जवळ म्हनून बरं झालं बाई," तो म्हणाला. "न्हाई तर एकटी गेली असती." महिनाअखेरीस त्यांनी घर सोडलं. किल्ली देताना त्याने विचारलं, दांडे काढून भोकं बुजवून देऊ का. मी नको म्हटलं. त्याला वाटलं असेल, बाई चांगली आहे.

साडी ट्रंकेत आहे. घडी मोडलेली नाही.

आणि इतकं सगळं करून माझा फ्लॅट विकला गेला का? नाही! इथे तुम्ही पोटभर हसू शकता. व्यापारी संध्याकाळी आला, गेटातच सगळं ऐकलं. "पंचक सुटलं व्हतं," मी म्हणाले. "मिनिटानं कशाला फरक पडतोय बाई," तो म्हणाला, "पाच मिनिटांचं पंचक बी पंचकच." इसार खिशातून बाहेरच आला नाही. वर्षभर भाडेकरूसुद्धा आला नाही. ते दोन छोटे फ्लॅट दुसऱ्या बायांनी बुक केले, आणि त्यांचं काय झालं तेही मला मैत्रिणी न विचारता सांगत राहिल्या. पुढं मुलांनी गल्लीतलं घर विकायला काढलं, मला पुण्याला न्यायला निघाले, आणि मी म्हटलं, नको, माझा फ्लॅट आहे. तेव्हापासून मी इथे राहते. त्याच गॅलरीत बसते. रस्ता चांगला दिसतो. येणारं कुणी नाही, ते सोडा.

आता यंदाची गोष्ट.

पहिल्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते. मुलगी म्हणजे पस्तिशीची, कोर्टात नोकरीला. तिने वडलांना आणलं, लकव्याने अंथरुणाला खिळलेले. वडील निवृत्त शिक्षक, माझ्याच धंद्यातले. मी खाली जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. उजवा अर्धा चेहरा हलायचा नाही, पण भाववाढीची बातमी आली की डावा मिश्किल व्हायचा.

एका रविवारी सेक्रेटरी एक कागद घेऊन माझ्याकडे आला. हा सेक्रेटरी म्हणजे तोच, तेव्हाचा बँकवाला तरुण. आता डोक्यावर टक्कल आणि फ्लॅट विक्रीला, पोराकडे जायचंय. कागदावर सगळ्या मालकांच्या सह्या होत्या, माझी राहिली होती. भाड्याच्या फ्लॅटमध्ये गंभीर आजारी व्यक्तीला ठेवता येणार नाही, आणि आहेत त्यांनी महिनाभरात जागा सोडावी.

"आजी, इथं करा सही."

"त्या पोरीशी बोललास का?"

"बोललो की. म्हणते, आमच्यात पंचकबिंचक मानत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत." तो हसला. "मी म्हटलं, ताई, तुमच्यात नसेल, बिल्डिंगमध्ये आहे."

"आणि ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? म्हणाली, सरांना घेऊन कुठं जाऊ. बापाला सर म्हणते." तो कागदावर बोट ठेवून थांबला. "आजी, तुम्ही तर तेव्हा स्वतः बघितलंय. पाच मिनिटांवर वाचलो आपण."

मी चष्मा लावला. कागद वाचला. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या लाल पेनाने सुधारल्या. मग म्हणाले, "बस. आपण नाही वाचलो."

"म्हणजे?"

"अकरा वीसला गेली ती. पावणेबारा मी म्हटलं."

तो उभा होता तो बसला. मी सगळं सांगितलं: सुनेचा चहा, टॉवेल, माशी. तो मध्येच म्हणाला, "आजी, वय झालंय तुमचं, विसरता तुम्ही."

"विसरते रे. सकाळी गोळी घेतली का ते विसरते. हे नाही विसरत."

"म्हणजे इतकी वर्षं आपण..."

"पंचकाच्या बिल्डिंगमध्ये राहतोय. तुझी पोरगी इथूनच दिली. पोरगा इथूनच नोकरीला लागला. कुणी पाठोपाठ गेलं?"

त्याला ते ऐकू आलं नाही. त्याला वेगळंच ऐकू आलं, जे मला साठीत आलं असतं. "हे बाहेर कुणाला बोललात का? आजी, माझा फ्लॅट विकायचाय! गिऱ्हाईक बघून गेलंय!"

मग माझ्यातली ती जुनी इस्टेटवाली बाई जागी झाली. मेली कुठे आहे ती, नुसती डुलक्या घेत असते. मी म्हणाले, "तुझा कागद तुझ्या खिशात, माझी वेळ माझ्या तोंडात. खालचे सर आहेत तोवर."

"आजी, हे ब्लॅकमेल आहे."

"हो," मी म्हटलं. "चहा घेणार?"

तो चहा न घेताच गेला. कागद पुन्हा दिसला नाही. त्या मुलीला यातलं काही ठाऊक नाही, आणि मी काही फार थोर केलं अशातला भाग नाही. म्हातारीची ती वीस मिनिटं एकदा मी माझ्या फ्लॅटसाठी वापरली, एकदा दुसऱ्याच्या बापासाठी. दोन्ही वेळा तिला विचारलं नाही.

सर पावसाळ्याच्या शेवटी गेले. घरात, दिवसाउजेडी, लेक उशाशी होती. मी कॅलेंडर पाहिलं. सवय जात नाही. लाल गोलात दुसरा दिवस होता. सेक्रेटरीने पण पाहिलं असणार. जिन्यात भेटलो तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि आम्ही दोघांनी पाण्याच्या टँकरविषयी बोलायला सुरुवात केली.

त्याचा फ्लॅट मागच्या महिन्यात गेला. व्यवहार व्हायच्या आधी घेणारा एकदा एकटाच वर आला होता माझ्याकडे. मानवतकडचा, चाळिशीचा, भाड्याने द्यायला म्हणून घेत होता. भला वाटला.

"आजी, तुमी इथल्या सगळ्यात जुन्या. खरं सांगा. बिल्डिंगमध्ये काही वंगाळ तर घडलं न्हाई ना?"

मी सेक्रेटरीला शब्द दिला होता. वेळ काही मी सांगितली नाही. पण नाही म्हणायला जीभ उचलेना.

"घडलंय," मी म्हणाले. "खाली पार्किंगमध्ये एक म्हातारी जीपमध्ये बसली होती. तिला पोरगा येताना बघायचा होता. गाडी फिरवा म्हणाली, आणि फिरवली नाही."

तो वाट बघत राहिला. मी पुढे काही बोलत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "मग हरकत न्हाई."